‘वाळवलेला’ पाइन म्हणून ओलं लाकूड गळ्यात मारलं

परभणीत मी मुलांना चित्रकला शिकवतो. यंदा इंटरमिजिएटच्या १२ मुलांनी कॅनव्हासवर काम करायचं ठरवलं. तयार ताणलेला कॅनव्हास परवडत नाही, म्हणून फ्रेमा आपणच करू म्हटलं. पालकांकडून वर्गणी काढली आणि श्रावणात एका वखारीत गेलो.

दोन बाय तीन फुटांच्या १२ फ्रेमा, प्रत्येकीला मधे एक आडवी पट्टी. दीड इंच बाय एक इंचाच्या सहा फुटी २४ पट्ट्या लागणार होत्या, एक जादा धरली. वखारवाला म्हणाला, "साधा पाइन १४ रुपये फूट, भट्टीत वाळवलेला २२. सर, लेकरांचं काम हाय, वाळवलेलाच न्या." हातात दिलेली पट्टी खरंच हलकी, कोरडी, सुतासारखी सरळ होती. ३,३०० रुपये रोख दिले. माल मात्र मागच्या शेडमधून बांधून आला. गठ्ठा मी सोडून बघितला नाही.

४५ अंशात कोपरे कापले, गुण्या (काटकोन तपासायची पट्टी) लावला, दोन्ही कर्ण मोजले, तंतोतंत सारखे. मुलांनी जीव ओतून चित्रं रंगवली. मग ऑक्टोबरचं ऊन तापलं. सांधे आतल्या बाजूनं उघडले. चार फ्रेमांना तर असा पीळ बसला की भिंतीला लावली की एक कोपरा भिंतीपासून दोन बोटं सुटा राहायचा. कॅनव्हासवर तिरप्या सुरकुत्या. एक मुलगी रडवेली होऊन म्हणाली, "सर, मीच नीट ताणला नव्हता का?" ते फार लागलं.

जादा पट्टी प्लास्टिकात गुंडाळलेली होती. उघडली तर तिच्यावर निळसर डाग, ओल्या लाकडावर धरणाऱ्या बुरशीचे. किराणा दुकानात तोलली: १ किलो २७० ग्रॅम. सावलीत महिनाभर ठेवल्यावर ९३०. म्हणजे ३४० ग्रॅम पाणी मी २२ रुपये फुटानं विकत घेतलं होतं!

वखारीत गेलो तर उत्तर तयार: "लाकूड हाय, वाकणारच. कापलेला माल परत नाही." चिठ्ठीवर फक्त ‘पट्टी २५ नग’. ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, पण पक्कं बिलच नाही तर दाखवणार काय?

तुम्ही जाणार असाल तर नमुन्यावर जाऊ नका, गठ्ठा सोडायला लावा. या मापाची वाळलेली सहा फुटी पट्टी साधारण ९०० ग्रॅम भरते. किलोच्या बरीच वर गेली तर तिथंच ठेवा. कापलेलं टोक गालाला लावा, ओलं लाकूड गार लागतं. आणि बिलावर ‘वाळवलेला’ हा शब्द लिहून घ्या. लिहायला कुरकुर केली तर दुसरी वखार बघा.

दुसरीकडून नव्या पट्ट्या आणल्यात. मधे चिपा घालून वर्गातच आडव्या रचल्यात. दर रविवारी तीच मुलगी एक पट्टी तोलून वहीत आकडा लिहिते. लागोपाठ दोन आठवडे वजन सारखं आलं की करवत काढणार.