बिस्मार्कच्या डेकवरचं ते चिन्ह: १/३५० मॉडेल नऊ महिने शेल्फवर ठेवल्यानंतर

मॉडेल पूर्ण होऊन नऊ महिने झालेत, आता अनुभव लिहायला हरकत नाही. किट बिस्मार्क या दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन युद्धनौकेचं, स्केल १/३५०, तयार झाल्यावर लांबी जवळपास ७२ सेंटिमीटर भरते त्यामुळे शेल्फ आधी मोजून घ्या. हलचे, म्हणजे जहाजाच्या धडाचे, भाग नीट बसतात, टरेट्स, म्हणजे तोफांचे फिरते बुरूज, सुंदर आहेत, पातळ पत्र्यातून कोरलेलं फोटोएच रेलिंग वेळ खातं पण घाई केली नाही की जमतं, या सगळ्यावर बाकीच्यांनी भरपूर लिहिलंय म्हणून मी त्यात शिरत नाही. मला बोलायचंय ते किटमध्ये नसलेल्या आणि मी वेगळ्या मागवलेल्या गोष्टीबद्दल, म्हणजे पुढच्या आणि मागच्या डेकवरचा तो लाल पट्टा, त्यात पांढरं वर्तुळ आणि वर्तुळात नाझी चिन्ह.

आधी शब्दाचं सांगते. मराठीत आपण त्याला पटकन स्वस्तिक म्हणून टाकतो आणि ते मला खटकतं, कारण आपल्या कानाला तो शब्द मंगल आहे आणि हे चिन्ह ज्यांनी भोगलं त्यांच्यासाठी त्यात मंगल काहीच नाही. जर्मन लोक त्याला हाकेनक्रॉयत्स म्हणतात, म्हणजे हुकांचा क्रूस. मी तोच शब्द वापरणार.

जहाजावर हे कशाला रंगवलं होतं? मिरवायला नाही, वरून उडणाऱ्या आपल्याच विमानांना जहाज ओळखू यावं म्हणून. आणि ती भीती पोकळ नव्हती, २२ फेब्रुवारी १९४० ला लेबरेख्त मास ही जर्मन विनाशिका जर्मन विमानाच्याच बॉम्बने बुडाली होती. म्हणजे डेकवरचा पट्टा हा त्या जहाजाच्या कामकाजाचा भाग होता, अचूक मॉडेल करायचं तर तो हवाच, असं माझं सुरुवातीचं मत होतं आणि मी त्यावर अगदी ठाम होते.

किटवाले तो देत नाहीत त्याचं मोठं कारण जर्मन कायदा. तिथल्या दंडसंहितेचं कलम ८६अ, घटनाविरोधी संघटनांची चिन्हं जाहीरपणे वापरली किंवा वाटली तर दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद. कला, संशोधन, शिक्षण, इतिहासाची माहिती देणं याला सूट आहे, पण खोक्यात भरून विकायच्या मॉडेलला ती सूट लागू होते का हे कोर्टात जाऊन कोण बघणार, म्हणून कंपन्या सरळ वगळतात, बॉक्सवरच्या चित्रातला झेंडासुद्धा अर्धवट नाहीतर कोरा असतो. काही जण चिन्हाचे तुकडे करून देतात, दोन नाहीतर चार, जोडायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

माझ्या डेकलच्या, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायच्या चित्राच्या, शीटमध्ये दोन तुकडे होते. कोमट पाण्यात अर्धा मिनिट, मग चिमट्याने उचलून ओल्या ब्रशवरून सरकवत डेकवर. पहिला तुकडा लगेच बसला. दुसरा त्याला भिडवताना काळ्या बाहूंच्या मध्ये केसाएवढी पांढरी फट राहात होती, ती मिटवली की वर्तुळ बाहेरून वाकडं दिसायचं, पुन्हा पाणी सोडायचं, पुन्हा सरकवायचं. छोट्या नाण्याएवढ्या जागेवर माझी पाऊण तास मान खाली होती. बरोबर जुळलं तेव्हा मला खूप आनंद झाला, आणि त्याच क्षणी लक्षात आलं की आपण नेमकं काय जुळवून खूश झालोय. मग दिवा बंद करून उठले. तो क्षण अजून विसरले नाहीये.

आता डेकल कसं टिकलं ते. पहिले दोन महिने उत्तम. तिसऱ्या महिन्यात फळ्यांच्या रेघांवर सिल्व्हरिंग दिसायला लागलं, म्हणजे डेकलच्या खाली हवा राहून ती चंदेरी झाक येते ना ती. चूक माझीच, खालचा चकचकीत ग्लॉस कोट पातळ दिला होता आणि डेकल मऊ करणारा सॉफ्टनर एकदाच लावला, रेघा असलेल्या डेकवर दोन तीन वेळा लावून, बुडबुडे सुईने टोचून परत लावायला हवा. सहाव्या महिन्यापर्यंत खिडकीकडच्या बाजूचं पांढरं वर्तुळ पिवळट झालं. लाकडी स्टिक-ऑन डेक वापरणार असाल तर डेकलचा नादच सोडा, लाकडावर धड बसत नाही, कडांना मास्किंग टेप लावून एअरब्रशच करा, आधी पांढरा, मग लाल, शेवटी काळा.

पण खरा त्रास डेकलचा नव्हताच. घरी येणारा प्रत्येक जण शेल्फसमोर थांबायचा आणि नजर थेट त्या लाल पट्ट्यावर. टरेट्स, क्रेन, आठ महिने खपून केलेलं रिगिंग, म्हणजे दोऱ्यांचं जाळं, कशाकडेच कुणी बघितलं नाही. काही जण विचारायचे आणि मी सांगायचे, ओळखीसाठी होतं, विमानांसाठी होतं. काही जण विचारायचेच नाहीत, माझ्याकडे बघायचे आणि विषय बदलायचे. त्यांना काय समजावणार?

मग एकदा ऑफिसच्या व्हिडिओ कॉलमध्ये शेल्फ माझ्या मागे आलं. कॉल संपल्यावर जर्मनीतल्या एका सहकाऱ्याचा वेगळा मेसेज आला, अगदी सभ्य भाषेत, की तुझ्या मागे जहाज दिसतंय, मला माहितीये हा छंद आहे, पण मला तिथे नजर टाकताना अवघड जातं. राग नाही, उपदेश नाही. मी उत्तरात इतिहास, अचूकता वगैरे टाइप केलं आणि पुसून टाकलं. त्याला इतिहास माझ्याकडून शिकायची गरज नव्हती.

त्यानंतर मी नीट वाचायला बसले आणि तिथे माझी अचूकताच उघडी पडली. बिस्मार्क बाल्टिकमध्ये असताना काळे पांढरे तिरके पट्टे आणि डेकवर हाकेनक्रॉयत्स, हे बरोबर. पण २१ मे १९४१ ला नॉर्वेत बर्गनजवळच्या ग्रिमस्टाडफ्योर्डमध्ये खलाशांनी हलवरचे पट्टे करड्या रंगाने झाकले, आणि मोहिमेत डेकवरचं चिन्हही रंगाखाली गेलं. मी मात्र बेसवर लिहिलं होतं २४ मे, डेन्मार्क सामुद्रधुनी, हूड या ब्रिटिश युद्धनौकेशी लढाई. म्हणजे जहाज एका तारखेचं आणि पाटी दुसऱ्या तारखेची! फक्त ते चिन्ह ठळक दिसावं म्हणून आपण दोन तारखा मिसळतो, आणि मग त्याला अचूकता म्हणतो. मी नऊपैकी सात महिने तेच केलं.

त्यामुळे आता कुणी विचारलं की लावू का नको, तर मी उलट विचारते, तारीख कुठली? मार्च १९४१ चं बाल्टिकमधलं जहाज करत असाल आणि त्याची माहिती शेजारी ठेवणार असाल तर लावा, मी नावं ठेवणार नाही. ‘छान दिसतं’ हे कारण असेल तर नका लावू. लाल, पांढरा, काळा, ते रंग लांबूनही डोळ्यात भरतात, शेल्फवरही ते तेच काम करतात.

हे फक्त जर्मन जहाजांपुरतं नाही. जपानी नौदलाचा किरणांचा झेंडा किटमध्ये अख्खा येतो, त्याचे कुणी तुकडे करत नाही, पण २०१८ मध्ये दक्षिण कोरियाने जेजूच्या नौदल संचलनात फक्त राष्ट्रध्वज लावा म्हटल्यावर जपानने जहाजच पाठवलं नाही, एवढा तो विषय तिथे जिवंत आहे. आणि ग्राफ श्पे या जर्मन युद्धनौकेचा तो काशाचा गरुड, पंजात हाकेनक्रॉयत्स असलेला, २००६ मध्ये मोंतेविदेओजवळ पाण्यातून वर काढला. उरुग्वेला अजून ठरवता आलेलं नाही त्याचं काय करायचं, २०२३ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी वितळवून कबुतर करायची घोषणा केली आणि काही दिवसांत मागे घेतली. मला वितळवणं पटलं नव्हतं. खरी वस्तू आहे, ती ठेवावी, नीट माहिती लावून. मॉडेलची गोष्ट वेगळी, तिथे प्रत्येक वस्तू आपण आज स्वतः निवडून लावतो.

तर आठव्या महिन्यात मी ग्रिमस्टाडफ्योर्डचं काम घरी केलं. हलवरचे पट्टे मास्किंग टेप न लावता करड्याने झाकले. डेकचं डेकल काढलं नाही, मॅट कोट दिला आणि त्यावर करड्या रंगाचे अगदी पातळ दोन हात मारले. १९८९ मध्ये समुद्रतळ धुंडाळणाऱ्या रॉबर्ट बॅलार्ड यांना सुमारे ४,८०० मीटर खाली बुडालेलं बिस्मार्क सापडलं तेव्हा डेकवर ते चिन्ह रंगाखालून दिसत होतं. माझ्या मॉडेलवरही आता टॉर्च आडवा धरला की कडा दिसतात, नाहीतर नाही. मागच्या डेकवर एक हात जास्त बसलाय, तिथे जवळपास काहीच दिसत नाही, तो थोडा घासावा का हे ठरवायचंय.

झेंडा मी ठेवलाय. समुद्रात असताना तो मागच्या काठीवर नाही तर मुख्य डोलकाठीच्या गॅफवर, म्हणजे तिरक्या दांड्यावर, असतो, तिथे लावलाय, त्यातही तेच चिन्ह आहे, आणि २४ मे ला तो वर होताच, त्यामुळे तारखेचा नियम इथेही पाळायला हवा. शेजारी त्याच स्केलमधलं हूड ठेवलंय. पाटी बदलली, आता तिच्यावर दोन ओळी आहेत: हूड, १,४१८ माणसं, वाचली ३. बिस्मार्क, २,२०० हून जास्त, वाचली ११५ च्या आसपास. लोक आता आधी हूड बघतात, मग पाटी वाचतात, आणि बहुतेक जण तीन या आकड्यावर बोट ठेवून विचारतात की हे बरोबर आहे का. शेल्फ कॅमेऱ्याच्या बाहेर हलवलंय.