मोबाइलचा मायक्रोस्कोप आणि बाळाच्या अंगावरचं पुरळ: काही महिने वापरल्यावर

तान्ह्या बाळाच्या अंगावर पुरळ उठलं की घरात जितकी माणसं तितकी निदानं. घामोळं, डास, खरूज, गादीतली धूळ. मोबाइलला जोडायचा हा मायक्रोस्कोप मी त्या वादापायीच घेतला.

खोक्यावर १०००एक्स (हजारपट मोठं) छापलंय, ते मनावर घेऊ नका. प्रत्यक्षात त्याच्या जवळपासही जात नाही. पण माइट (कोळ्यासारखा आठ पायांचा अगदी बारीक जीव) ओळखायला तेवढं लागतही नाही.

खरा उपयोग झाला तो पाळण्याच्या चादरीवर. खिडकीबाहेर कबुतराचं घरटं होतं, पिल्लं उडून गेली आणि बाळाच्या पायांवर बारीक लाल पुरळ सुरू झालं. चादरीवर पारदर्शक चिकटपट्टी दाबली, उचलून पांढऱ्या कागदावर चिकटवली. नुसत्या डोळ्यांना तो हलणारा ठिपका. पडद्यावर मात्र आठ पाय आणि प्यायलेल्या रक्ताने काळपट लाल झालेलं टम्म पोट. पक्ष्यांवरचा माइट. घरट्यातले पक्षी गेले की हे भुकेले घरात शिरतात, माणसाला चावतात, पण अंगावर वस्ती करत नाहीत. म्हणून औषधाआधी रिकामं घरटं काढलं, फटी बुजवल्या, दुपटी-चादरी कडक गरम पाण्यात धुतल्या. नवं पुरळ यायचं थांबलं.

पाय जरूर मोजा. पुस्तकांच्या कप्प्यात सापडलेला फिकट जीव माइटच वाटत होता, पण पाय सहा आणि लांब मिशा. ती पुस्तकातली ऊ, चावत नाही. (माइटच्या अळीलाही सहाच पाय असतात, पण मिशा नसतात.)

गादीतले धुळीचे माइट शोधण्यात वेळ घालवू नका. ते चावत नाहीत, त्रास होतो तो त्यांच्या विष्ठेच्या अ‍ॅलर्जीने. आणि ते बहुतेक प्रत्येक गादीत असतात, त्यामुळे सापडले तरी सिद्ध काहीच होत नाही.

खरजेपुढे मात्र हे यंत्र हात टेकतं. खरूज करणाऱ्या माइटची मादी जेमतेम ०.४ मिमीची, तीही कातडीच्या वरच्या थरात बीळ करून बसलेली, आणि साध्या खरजेत अख्ख्या अंगावर साधारण १० ते १५ माइट. त्यात बाळ पाय झाडतंय! फोकस टिकतच नाही. त्वचारोगतज्ज्ञांनी डर्मोस्कोपने (कातडी मोठी करून दाखवणारं भिंग) तळहात, तळपाय, डोकं सगळं पाहिलं, कारण तान्ह्यांना खरूज तिथेही होते. बिळाच्या टोकाशी माइटच्या पुढच्या भागाचा दिसणारा काळसर त्रिकोण ते शोधत होते, तो नव्हता. पहिल्यांदा खरूज झाली तर खाज सुटायला ४ ते ६ आठवडेही लागतात, तेव्हा घरच्या पडद्यावर काही दिसलं नाही म्हणून निर्धास्त राहू नका. आणि मनाने मलम तर नकोच: खरजेवरचं ५ टक्के पर्मेथ्रिनसुद्धा २ महिन्यांवरच्या बाळांसाठी मंजूर आहे, त्याहून लहानांचं डॉक्टरच ठरवतील.

बाकी स्टँड डुगडुगतो, दिवा बाळाच्या डोळ्यांवर जाऊ देऊ नका. बटण दाबताना फोटो हलतो, म्हणून मी व्हिडिओ काढून त्यातली चांगली फ्रेम डॉक्टरांना दाखवते.