बॅकअप चोख, पण लॉगिनच्या पडद्यावरचे तिसरे नाव कोणाचे?

घरच्या संगणकातील फाइलींचा रोज रात्री आपोआप बॅकअप घेणारे एक सशुल्क सॉफ्टवेअर मी तीन महिने वापरले. त्याच्या मूळ कामाबद्दल माझी तक्रार नाही. पहिला पूर्ण बॅकअप झाल्यानंतर ते केवळ बदललेल्या फाइलीच उचलते, त्यामुळे रोजचे काम काही मिनिटांत आटोपते, आणि चुकून पुसला गेलेला एक फोल्डर मला त्यातून जसाच्या तसा परत मिळाला. तरीही हे सॉफ्टवेअर घ्या असे मी कोणालाही सांगणार नाही, आणि त्याचे कारण बॅकअपमध्ये नसून इन्स्टॉलेशनमध्ये आहे.

आमच्या विंडोज संगणकावर दोनच खाती होती: ॲडमिनिस्ट्रेटरचे अधिकार असलेले माझे आणि मुलीचे साधे. इन्स्टॉलेशनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिने संगणक सुरू केला, तेव्हा लॉगिनच्या पडद्यावर डाव्या कोपऱ्यात आमच्या नावांसोबत एक तिसरेच नाव दिसले. काही अक्षरे आणि त्यांना चिकटलेले आकडे असे ते होते. त्यावर क्लिक केल्यावर पासवर्ड मागितला गेला, जो आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हता. कोणीतरी संगणकात शिरले आहे या भीतीने तिने आधी वायफाय बंद केले आणि मग मला हाक मारली. तिने केले ते योग्यच केले, कारण अनोळखी खाते हे घुसखोरीचेही लक्षण असू शकते.

मी कमांड प्रॉम्प्ट, म्हणजे आज्ञा टाइप करण्याची खिडकी, उघडून खात्याची माहिती दाखवणारी ‘नेट यूजर’ ही आज्ञा त्या नावासह दिली. ते खाते ॲडमिनिस्ट्रेटर गटात होते, त्याच्या पासवर्डची मुदत कधीच संपणार नव्हती, आणि पासवर्ड ठेवल्याची वेळ आदल्या संध्याकाळच्या इन्स्टॉलेशनशी जुळत होती. विंडोजमधील घडामोडींची नोंदवही दाखवणाऱ्या इव्हेंट व्ह्यूअरच्या सिक्युरिटी लॉगमध्ये नवे खाते तयार झाल्याची ४७२० क्रमांकाची नोंद सापडली, आणि तिच्या पाठोपाठ ते खाते गटात घातल्याची ४७३२ क्रमांकाची. दोन्ही नोंदींमध्ये हे करणारा म्हणून माझेच नाव होते. बदल करू द्यायचे का, असे विंडोजने विचारले तेव्हा ‘होय’ मीच म्हटले होते. मात्र त्या एका होकारात नव्या खात्याचाही समावेश आहे, हे इन्स्टॉलेशनच्या एकाही पायरीवर लिहिलेले नव्हते.

सॉफ्टवेअरने स्वतःसाठी वेगळे खाते उघडणे यात मुळात वावगे काही नाही. विंडोज एक्सपीच्या काळात डॉट नेट फ्रेमवर्क १.१ हा काही प्रोग्रॅमना चालण्यासाठी लागणारा मायक्रोसॉफ्टचा संच बसवल्यावर ‘एएसपीनेट’ नावाचे खाते यादीत दिसू लागे, पण त्याचे अधिकार मर्यादित होते. विंडोज ७ पासून तर सेवांसाठी, म्हणजे पडद्यामागे चालणाऱ्या प्रोग्रॅमसाठी, व्हर्च्युअल अकाउंट या विंडोजनेच सांभाळलेल्या खात्याची सोय आहे. त्याच्या पासवर्डची उठाठेव कोणालाच करावी लागत नाही आणि ते लॉगिनच्या पडद्यावर येतही नाही. असे असताना संपूर्ण संगणकाच्या किल्ल्या हाती असलेले, पासवर्ड मालकालाच माहीत नसलेले खाते उघडण्याची गरज काय होती?

हाच प्रश्न मी कंपनीच्या ग्राहक सेवेला विचारला. उत्तर दोन दिवसांत आणि सौजन्याने आले, पण त्यात त्या खात्याचे कारण नव्हते. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्ज जिथे साठवलेल्या असतात तिथे, बदल करून ते नाव पडद्यावरून कसे लपवावे, याच्या सूचना होत्या. मला ते लपवायचे नव्हते. दिसत होते म्हणून निदान ते असल्याचे कळले तरी.

असे खाते दिसल्यावर ते रागाच्या भरात थेट पुसू नये. त्याच्या आधारे चालणारी सेवा मग सुरूच होत नाही, आणि बॅकअप थांबल्याचे फाइल हरवल्यावरच लक्षात येते. मी सर्व्हिसेसच्या यादीत ती सेवा शोधून तिला लोकल सिस्टिम या विंडोजच्या अंगभूत खात्यावर चालायला लावले, नवे खाते फक्त निष्क्रिय केले आणि रात्रीची वाट पाहिली. बाहेरच्या डिस्कवरचा बॅकअप नेहमीसारखा पूर्ण झाला. नेटवर्कवरील डिस्क असती तर तिथे लोकल सिस्टिमला बहुधा प्रवेश मिळाला नसता, हे मान्य. पण माझ्या संगणकावर तरी त्या खात्यावाचून काहीही अडत नव्हते.

एवढ्यावर मी हे सॉफ्टवेअर वापरत राहिलो असतो. परंतु पुढच्या अपडेटने ते खाते पुन्हा सक्रिय केले आणि सेवा पुन्हा त्याच्याच नावावर लावली, तीही काही न सांगता. त्या दिवशी मी सॉफ्टवेअर काढून टाकले. खाते मात्र तसेच राहिले, आणि युजर्स फोल्डरमध्ये त्याच्या नावाचा फोल्डरही. दोन्ही मला हाताने पुसावे लागले.