दीड हजाराचा राउटर, वर्षभरानंतर (आणि त्या ठोकळ्याबद्दल थोडं जास्तच)

चार अँटेनावाला, दोन्ही बँडचा (२.४ आणि ५ गीगाहर्ट्झ), दीड हजाराच्या आतला वायफाय राउटर. निम्म्या डोंबिवलीत हाच असेल, त्यामुळे आकडे सांगत बसत नाही.

माझं पहिल्या दिवसापासून वाजलं ते त्याच्या अ‍ॅडॉप्टरशी. साबणाच्या वडीएवढा काळा ठोकळा! एक्स्टेंशन बोर्डात लावला की शेजारचं सॉकेटही झाकून टाकतो. चारांपैकी एक फायबरच्या डब्याला, दोन या महाशयांना, आणि उरलेल्या एकावर सासूबाईंच्या देव्हाऱ्याची माळ लावायची की माझा लॅपटॉप, यावरून रोज दिवेलागणीला वाद. राउटर बनवणाऱ्यांच्या घरी भिंतीत एकच सॉकेट असतं का?

बाकी सात महिने सुखाचे. हॉलमध्ये ५ गीगाहर्ट्झ झकास. दोन भिंती ओलांडून स्वयंपाकघरात गेलं की मान टाकतो, तिथे २.४ वर यायचं. पोर्ट १०० एमबीपीएसचे, म्हणजे मोठा प्लॅन घेतला तरी ९५ च्या आसपास अडकणार. माझा प्लॅनच १०० चा, मला काय त्याचं.

मग जुलैत संध्याकाळी नेट तुटायला लागलं. मी घरून चार दुकानांची जीएसटीची कामं करते. २० तारीख, रिटर्न भरतेय, ओटीपी आला आणि नेट गेलं. तेव्हा चिडून मी या राउटरला दोन स्टार दिले होते.

बिल्डिंगच्या ग्रुपवर विचारलं. बंद करून चालू करा, हे अकरा जणांनी सांगितलं. तिसऱ्या मजल्यावरचे काका म्हणाले, चॅनल बदला. बघितलं तर आजूबाजूची २३ वायफाय, त्यातली बहुतेक ६ नंबरच्या चॅनलवर. २.४ वर १, ६ आणि ११ हेच एकमेकांच्या पायात येत नाहीत, म्हणून १ वर टाकलं. स्वयंपाकघरात वेग वाढला, तुटणं तसंच. दीर म्हणाला, "वहिनी, मेश घ्या." म्हणजे घरभर ठेवायचे दोन-तीन जोडराउटर. किंमत ऐकून मी विषय बदलला. कुणीतरी रीसेट सुचवलं, टाचणीने भोक दाबलं, तर पीपीपीओईचं, म्हणजे नेट कंपनीच्या लॉगिनचं, यूजरनेम-पासवर्डही पुसलं गेलं. ते लिहून कोण ठेवतं? केबलवाल्याचा मुलगा दुसऱ्या दिवशी दुपारी उगवला. कंपनीच्या कस्टमर केअरने तर सरळ सांगितलं, बिल आणि राउटरचं खोकं घेऊन ठाण्याला या. खोकं केव्हाच रद्दीत गेलं होतं.

शेवटी बी विंगमधल्या एका मुलीने विचारलं, "काकू, नेट जातं तेव्हा फोनवर तुमच्या वायफायचं नाव दिसतं का?"

हे तोवर कुणी विचारलंच नव्हतं. नाव दिसतंय पण नेट नाही, तर बहुधा लाइनची भानगड. फायबरच्या डब्यावर एलओएसचा (सिग्नल गेल्याचा) दिवा लाल झालाय का बघायचं. नावच गायब, तर राउटरची. त्या संध्याकाळी चहाचा कप घेऊन समोर पहाऱ्याला बसले. सव्वासातला सगळे दिवे एकदम गेले आणि एकेक करून परत आले. राउटर आपला आपणच बंद-चालू होत होता! ब्राउझरमध्ये १९२.१६८.०.१ हे राउटरचं पान उघडलं तर अपटाइम (चालू झाल्यापासूनचा वेळ) दोन मिनिटं, आणि लॉगच्या, म्हणजे त्याच्या नोंदवहीच्या, पहिल्या ओळींवर तारीख १ जानेवारी १९७०. आत बॅटरी नसते, नेटवरून वेळ मिळेपर्यंत बिचारा तिथूनच मोजायला लागतो.

संशय ठोकळ्यावर. (मला आनंदच झाला.) इलेक्ट्रिशियनने मीटर लावला: १२.१ व्होल्ट. "एकदम ओके, मॅडम." म्हणून दोन दिवस पुन्हा राउटरला शिव्या. ती मुलगी म्हणाली, काकू, त्यांनी नुसताच मोजला, राउटर लावून नाही. आतला कपॅसिटर थकला की रिकामा असताना आकडा बरोबर दाखवतो, भार पडला की बसतो. आणि भार संध्याकाळीच, सगळे फोन आणि टीव्ही एकदम लागले की. सेट-टॉप बॉक्सचा अ‍ॅडॉप्टर काढून लावला. तोही १२ व्होल्ट, १ अँपिअर, पिनही तीच, मधलं टोक प्लस. ती रात्र सलग गेली.

स्टेशनजवळून नवा आणला, १८० रुपये. व्होल्ट तेवढेच हवेत, अँपिअर जास्त चालतात, म्हणून २ चा घेतला. आज चार महिने झाले, एकदाही तुटलं नाही.

म्हणून दोनाचे चार स्टार करतेय. राउटरचा काही दोष नव्हता. पाचवा मात्र ठोकळ्यापायी कापला तो कापलाच. नवा अ‍ॅडॉप्टर उभा आणि सडपातळ आहे, शेजारचं सॉकेट मोकळं; माळ आणि लॅपटॉप दोन्ही चालतात. जुना ड्रॉवरमध्ये बिलासकट ठेवलाय. वॉरंटी अजून आहे, नणंदेकडे ठाण्याला जायचंच आहे.