ओव्यांच्या वेबसाइटसाठी गिटहब पेजेस: काही महिन्यांच्या वापरानंतर

आजी आणि तिच्या सोबतिणींच्या जात्यावरच्या ओव्या मी लिहून, रेकॉर्ड करून एका वेबसाइटवर ठेवते. आधी ती शेअर्ड होस्टिंगवर (अनेक साइटमध्ये वाटलेल्या भाड्याच्या सर्व्हरवर), वर्डप्रेस या साइट बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये होती. आता ह्यूगो या साध्या फाइलींपासून तयार पानं बनवणाऱ्या प्रोग्रॅमने पानं करून गिटहब पेजेसवर, म्हणजे गिटहबच्या साइट ठेवायच्या सेवेवर, ठेवली आहेत.

जुनं होस्टिंग सोडलं ते रिन्यूअलच्या बिलामुळे. पहिल्या वर्षीची सवलत संपली आणि रक्कम कितीतरी पट झाली. दुसरा त्रास मराठीचा. वर्डप्रेसमध्ये पानाच्या पत्त्याला 200 अक्षरांची मर्यादा असते. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, अगदी काना-वेलांटीसुद्धा, पत्त्यात नऊ अक्षरांची जागा खातं. त्यामुळे बाविसाव्या चिन्हाच्या आसपास ओवीची पहिली ओळ मध्येच तुटायची. ह्यूगोत पत्ता मी ठरवते, आणि मजकूर मार्कडाउनच्या, म्हणजे मोजक्या खुणांच्या साध्या मजकुराच्या, फाइलींत माझ्याच लॅपटॉपवर असतो. बदल पुश केला, म्हणजे गिटहबवर पाठवला, की एक-दोन मिनिटांत साइटवर दिसतो. डेटाबेस नाही, प्लगइनचे अपडेट नाहीत.

जागेची काळजी होती. पेजेसवर साइट 1 जीबीपर्यंत चालते. 64 केबीपीएसच्या मोनो एमपी3ला मिनिटाला अर्धा एमबीही लागत नाही, म्हणजे तीसेक तासांचं गाणं सहज मावतं. बायकांच्या एकट्या आवाजाला हा दर्जा पुरतो. जात्याची घरघरही नीट ऐकू येते. महिन्याला 100 जीबी डेटाची मर्यादा तर माझ्या साइटला दूरच आहे.

सगळ्यात गंभीर अडचण वेगळीच आहे. फुकटच्या खात्यात पेजेससाठी रिपॉझिटरी (साइटच्या फाइलींचा साठा) सार्वजनिक ठेवावी लागते आणि फाइलींच्या बदलांची नोंद ठेवणारं गिट जुनं काही विसरत नाही. उद्या एखाद्या मावशी म्हणाल्या, "माझा आवाज काढून टाक गं," तर फाइल डिलीट करून भागत नाही, सगळा इतिहास नव्याने लिहावा लागतो. त्यातून कुणी आधीच प्रत घेतली असेल तर ती हाती लागत नाही. म्हणून होकार मिळाल्याशिवाय एकही रेकॉर्डिंग मी तिथे टाकत नाही. माहेरच्या माणसांची नावं घेणाऱ्या ओव्या तर घरच्या हार्ड डिस्कवरच आहेत.

साइट घरूनच चालवायला रास्पबेरी पाय हा छोटा कम्प्युटर लावायचंही सुचवलं गेलं होतं. पण अनेक ब्रॉडबँड कंपन्या स्वतंत्र सार्वजनिक आयपी (बाहेरून घरच्या कम्प्युटरपर्यंत पोहोचायचा पत्ता) देत नाहीत, आणि गावात वीज जाते. तो विचार तिथेच थांबला.

डोमेन मात्र विकत घ्या, आणि होस्टिंगवाल्याकडून नव्हे, वेगळ्या रजिस्ट्रारकडून, म्हणजे डोमेन विकणाऱ्या कंपनीकडून. मी '.इन' घेतलं. ते नाव गिटहबकडे वळवायला डीएनएसमध्ये (नावाला पत्ता जोडणाऱ्या नोंदींत) चार ए-रेकॉर्ड टाकले. साइट सुरक्षित (https) उघडण्यासाठीचं लेट्स एन्क्रिप्टचं प्रमाणपत्र गिटहबने आपोआप लावलं. तोच फोल्डर मी क्लाउडफ्लेअर पेजेस या तशाच दुसऱ्या सेवेवरही चढवून पाहिला, काही न बदलता चालला. तिथे एका फाइलला 25 एमबीची मर्यादा आहे. तासाभराचं सलग रेकॉर्डिंग असेल तर तुकडे करावे लागतील.

दुकान चालवायचं असेल तर हा पर्याय नको, गिटहब पेजेसच्या अटींत ते बसत नाही. लॉगिन हवं असेल तरी दुसरं काही शोधा. लिहिलेलं आणि गायलेलं जपून ठेवायला मी गिटहब पेजेसच घेईन.