जाम इंजिनावर एटीएफ आणि अ‍ॅसिटोन: पद्मिनीवर आठ महिन्यांनंतर

निकाल आधी सांगतो. नुसती उभी राहून गंजलेल्या आणि त्यामुळे जाम झालेल्या इंजिनावर एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं लाल तेल, आणि अ‍ॅसिटोन यांचं अर्धं-अर्धं मिश्रण चांगलं चालतं. बहुतेक वेळा हेडही, म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण, उतरवावं लागत नाही. तापून धरलेल्या इंजिनावर मात्र ते ओतणं म्हणजे पैसे आणि आठवडा दोन्ही वाया.

गाडी प्रीमियर पद्मिनी, १०८९ सीसी. वडोदऱ्यात दांडिया बाजाराच्या बाजूला एका वाड्याच्या बोळात सहा वर्षं उभी होती. पुराचं पाणी कधी आत गेलं नव्हतं. सहा पावसाळ्यांची दमट हवा एवढंच कारण. चार सिलिंडरचं इंजिन कुठेही थांबलं तरी कुठल्या ना कुठल्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडा राहतोच, आणि सायलेन्सरच्या किंवा कार्बोरेटरच्या वाटेने ओल तिथपर्यंत पोचते. पिस्टन अ‍ॅल्युमिनियमचा असल्याने गंजत नाही. पण पिस्टनवरच्या रिंगा लोखंडी आणि बोअर, म्हणजे सिलिंडरची आतली भिंत, तीही ओतीव लोखंडाची, ते दोन्ही एकमेकांना घट्ट धरतात.

बाटली उघडण्याआधी इंजिनच जाम आहे का ते बघा. गाडी न्यूट्रलमध्ये घ्या, फॅन बेल्ट सोडा, स्टार्टर काढून बाजूला ठेवा. स्टार्टरचा पिनियन फ्लायव्हीलच्या दात्यांत अडकला असेल किंवा वॉटर पंप गंजला असेल, तरी इंजिन जाम झाल्यासारखंच वाटतं. अशा कितीतरी गाड्या विनाकारण खोलल्या गेल्या आहेत.

मग चारही प्लग काढून आत मोबाईलला जोडायचा बारीक कॅमेरा सोडा. स्वस्तातला चालतो, आणि या कामात त्याच्याइतकी उपयोगी वस्तू दुसरी नाही. भिंतीवर विटकरी-नारिंगी डाग दिसले तर गंज. उभे, चंदेरी चकाकणारे ओरखडे दिसले तर इंजिन तापून धरलं आहे: अ‍ॅल्युमिनियम तापल्यावर ओतीव लोखंडाच्या जवळपास दुप्पट फुगतं, पिस्टन भिंतीला घासतो आणि त्याचाच धातू भिंतीवर लिंपला जातो. तो कुठल्याही तेलाने सुटत नाही, तिथे लेथवालाच लागतो. तेल संपून क्रँकचं, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य दांड्याचं, बेअरिंग धरलं असेल तर सिलिंडर आतून स्वच्छ दिसतात आणि तरीही इंजिन हलत नाही. या गाडीत पहिले दोन आणि चौथा सिलिंडर नुसते काळपट होते. तिसऱ्यात पिस्टनच्या अगदी वर, बांगडीसारखा, गंजाचा पूर्ण गोल होता.

मिश्रणाचं माप. पद्मिनीच्या बोअरचा व्यास ६८ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल) ७५ मिमी, म्हणजे एका सिलिंडरमध्ये सुमारे २७२ सीसी. पिस्टन वर असेल तर त्याच्यावर थोडीच जागा उरते, म्हणून पहिल्या दिवशी प्रत्येक सिलिंडरमध्ये ५० मिली मिश्रणच घाला. ५० मिलीची सिरिंज आणि तिला सलाईनची नळी लावली की थेंबही बाहेर सांडत नाही. पुढे रोज प्रत्येकी २० मिली. दहा दिवसांना दोन्ही अर्धा-अर्धा लिटर पुरतं. वडोदऱ्यात अ‍ॅसिटोन मिळायला अडचण नाही, रंगाच्या किंवा प्रयोगशाळेच्या सामानाच्या दुकानात विचारा.

ही दोन द्रव्यं एकमेकांत नीट मिसळत नाहीत. बाटली ठेवली की लाल तेल खाली बसतं, म्हणून दर वेळी हलवून लगेच ओढायचं. न हलवता वरचं ओढलं तर नुसतं अ‍ॅसिटोन आत जातं, ते दुपारपर्यंत उडून जातं, आणि लोक म्हणतात की मिश्रणात दम नाही. उडू नये म्हणून प्लग हाताने बसवून ठेवा. अ‍ॅसिटोन रंग, प्लॅस्टिक आणि काही रबर खातं, तेव्हा मडगार्डवर जाड फडकं टाका. त्याची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत साचते आणि ठिणगी मिळाली की पेटते. बॅटरीची तार आधीच सोडा. बंद गॅरेजमध्ये हे काम करू नका.

डिझेल आणि ब्रेक ऑइल मेस्त्री लोक वर्षानुवर्षं वापरत आले आहेत, आणि त्यांनीही इंजिनं सुटतात, फक्त वेळ जास्त लागतो. डब्ल्यूडी-४० चं नावच पाणी हटवण्यावरून पडलेलं आहे, आणि ४० म्हणजे चाळिसावा प्रयत्न. बाहेरच्या नट-बोल्टांना ते छान, पण रिंगांच्या मागे मुरवायला मला मिश्रणच बरं वाटलं.

आता खरं काम, आणि इथेच घाई नडते. आधी रॉकर शाफ्ट (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या रॉकरांचा दांडा) सैल करून आठही पुशरॉड (रॉकरांना उचलणाऱ्या बारीक सळ्या) काढा. खोक्याच्या पुठ्ठ्याला आठ भोकं पाडून ते क्रमाने खोचून ठेवा. व्हॉल्व्ह गाइडमध्ये गंजून अडकलेला असेल आणि तुम्ही क्रँक फिरवला तर पुशरॉड वाकतो. पुशरॉड बाहेर असतील तर व्हॉल्व्ह बंद स्थितीत निवांत बसलेले राहतात. उघडा अडकलेला व्हॉल्व्ह लगेच कळतो, कारण त्याची स्प्रिंग दबलेली असते. तसा असेल तर क्रँकला हात लावण्याआधी तो सोडवा.

तीन दिवस नुसतं मुरू द्या. चौथ्या दिवशी क्रँक पुलीच्या नटावर गोटीपाना आणि दोन फुटी दांडा लावून दोन्ही बाजूंना दाबा, झटके न देता. उलट्या बाजूला जोर कमी ठेवा, नट सैल होतो. दांड्याच्या टोकावर पंचवीसेक किलोचा जोर म्हणजे सुमारे पंधरा किलोग्रॅम-मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर) झाला, त्यापुढे जायचं नाही. दांड्यावर पाइप चढवून उड्या मारल्या की रिंगा तुटतात, आणि तुटलेली रिंग बोअरमध्ये अशी खाच पाडते की बोअरिंगशिवाय, म्हणजे सिलिंडर लेथवर मोठा करून घेण्याशिवाय, उपाय राहत नाही. टोचन लावून गाडी ओढण्याचा प्रकार तर अजिबात करू नका. फार तर टॉप गिअर टाकून हाताने पुढे-मागे हलवा. पहिल्या गिअरमध्ये चाकाकडून क्रँकला मिळणारा जोर सगळ्यात कमी असतो, हे बरेच जण उलटं समजतात.

चारही पिस्टन मध्यावर अडकले असतील तर इंजिन सगळ्यात हट्टी असतं, कारण तिथे क्रँकचा तोच जोर पिस्टनवर सगळ्यात कमी ताकदीने पोचतो. पिस्टन अगदी वर किंवा अगदी खाली असतील तर पुष्कळदा लवकर सुटतात.

या गाडीत सातव्या दिवशी पुलीवर खडूने केलेली खूण तांदळाच्या दाण्याएवढी सरकली. तिथे थांबून पुन्हा मागे नेली, प्रत्येकी २० मिली घातलं आणि झाकून ठेवलं. सरकलं म्हणून तसंच पुढे रेटलं असतं तर तिसऱ्याच्या रिंगा त्या गंजाच्या बांगडीवर चढून अडकल्या असत्या. रोज थोडं पुढे, तेवढंच मागे, असं करत दहाव्या दिवशी पूर्ण फेरी झाली.

फेरी झाली म्हणजे लगेच चावी लावायची नाही. मिश्रण रिंगांतून उतरून ऑइल चेंबरमध्ये गेलेलं असतं आणि तिथलं तेल पाण्यासारखं पातळ झालेलं असतं. ते सगळं काढा, फिल्टर बदला, डिपस्टिकच्या वरच्या खुणेपर्यंत नवं २०डब्ल्यू-५० मिनरल तेल भरा. सिलिंडरमध्ये उरलेलं मिश्रण सिरिंजने ओढून घ्या. द्रव दाबला जात नाही, पिस्टनवर राहिला तर कनेक्टिंग रॉड वाकतो. एक दिवस प्लग काढून हवा लागू द्या, मग भोकांवर फडकं टाकून इंजिन हाताने पाच-सहा वेळा फिरवा. पुशरॉड क्रमाने परत बसवून टॅपेट (व्हॉल्व्हची फट) लावा. प्लग बाहेरच ठेवून ऑइलचा दिवा विझेपर्यंत स्टार्टर मारा, आणि त्यानंतरच सुरू करा. पहिली पंधरा मिनिटं पांढरा-निळा धूर प्रचंड निघतो, त्याला घाबरू नका. पहिलं तेल वीस मिनिटांनी बदललं, दुसरं १०० किलोमीटरवर, तिसरं ५०० वर. पहिल्यात बारीक तांबूस गाळ होता, तिसऱ्यात काही नव्हतं.

आठ महिन्यांत गाडी सुमारे २,४०० किलोमीटर फिरली, बहुतेक गावातच आणि चार वेळा हालोलपर्यंत. सुरू झाल्यावर कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन वर येताना सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, पहिल्यापासून चौथ्यापर्यंत अनुक्रमे १०५, ११०, ६५, १०० पीएसआय (दाबाचं माप) होतं. आता १२०, १२०, ९५, ११५ आहे. रिंगा चालून-चालून मोकळ्या होतात हे यातून दिसतं. पहिल्या ५०० किलोमीटरमध्ये ४०० मिली तेल खाल्लं, आता हजाराला २०० मिली लागतं. मागच्या ऑइल सीलमधून थेंब पडतात. अ‍ॅसिटोनमुळे की सहा वर्षं सुकल्यामुळे, ते ठरवता येत नाही.

विश्वामित्रीच्या पुरात बुडालेल्या गाडीला हे लागू करू नका. तिथे पाण्याबरोबर गाळ आत गेलेला असतो आणि एक फेरी मारली की तोच बोअर घासतो. आधी चेंबर रिकामा करा, प्लग काढून पाणी उपसा, आणि आत गाळ दिसला तर हेड उतरवाच.

तिसऱ्या सिलिंडरमध्ये कॅमेरा सोडला की जिथे बांगडी होती तिथे बारीक खड्ड्यांची रेघ अजून दिसते. पावसाळ्याआधी पुन्हा कॉम्प्रेशन मोजायचं आहे. ९० च्या खाली गेलं तर हेड उतरवून नव्या रिंगा, आणि नखाला ती रेघ लागली तर बोअरिंग करून ओव्हरसाइज पिस्टन.