एन स्केलमधलं सेंट पँक्रस: वर्षभर गाड्या चालवल्यानंतर

माझ्या मॉडेल रेल्वेच्या लेआउटवर लंडनचं सेंट पँक्रस स्टेशन बसवून वर्ष होत आलं. एन स्केल, तेही ब्रिटिश मापाचं, म्हणजे १:१४८, खऱ्याच्या १४८व्या भागाएवढं. काळ धरलाय १९६० च्या दशकाच्या सुरुवातीचा. वाफेची इंजिनं निरोपाच्या वाटेवर आहेत, ‘पीक’ नावाची डिझेल इंजिनं आली आहेत आणि स्टेशनापुढची वास्तुविशारद गिल्बर्ट स्कॉटची लाल विटांची इमारत काजळीने काळवंडली आहे. तिच्यातलं हॉटेल १९३५ मध्येच बंद पडलं होतं आणि आत रेल्वेच्या कचेऱ्या होत्या. काजळीचा काळ मी मुद्दाम निवडला. मॉडेलच्या विटा छापील कागदाच्या आहेत, आणि घासूनपुसून लख्ख केलेल्या विटांवर कागदाचा प्रत्येक सांधा ओरडून सांगतो की मी इथे आहे.

खरा पेच आकाराचा. इंजिनिअर विल्यम बार्लोची १८६८ ची शेड, म्हणजे फलाटांवरचं कमानदार छप्पर, ७३ मीटर रुंद आणि २१० मीटर लांब. या मापात रुंदी ४९ सेंमी आणि लांबी १ मीटर ४२ सेंमी भरते. काटछाट अटळच होती. रुंदीला हात लावला असता तर सेंट पँक्रस उरलंच नसतं, कारण मध्ये एकही खांब नसलेली ती कमान हीच त्याची ओळख. म्हणून रुंदी-उंची पूर्ण ठेवली आणि कात्री लांबीवर चालवली. मूळ कमानी २९ फूट ४ इंचांवर आहेत, म्हणजे मॉडेलमध्ये साधारण ६ सेंमीवर. ते अंतर तसंच ठेवून कमानींची संख्या घटवली आणि शेड ९० सेंमीत आणली. आजवर बघायला आलेल्या कुणालाही ती आखूड वाटलेली नाही. एक मात्र सांभाळा: कमान माथ्याशी किंचित टोकदार आहे. लेझर कटिंगच्या फाइलमध्ये ती अर्धगोल झाली तर शेड जगातल्या कुठल्याही स्टेशनाची दिसेल.

कमानी ३ मिमी एमडीएफच्या आहेत, आणि कमान म्हटली की पाय फाकणारच. बार्लोने त्यावर काढलेला तोडगा मॉडेलवाल्यांनी जरूर अभ्यासावा. छताखाली आडव्या सळ्या न लावता त्याने फलाटाखालच्या लोखंडी गर्डरांनाच कमानीचा ताण घ्यायला लावलं. फलाट रस्त्यापेक्षा उंचावर होते आणि खाली तळघर. तिथे बर्टन गावाहून येणारी बिअरची पिंपं ठेवायची, आणि खांबांमधलं अंतरही त्या पिंपांच्या हिशेबाने ठरवलेलं! मीही तेच केलं. रुळांखालच्या प्लायमध्ये खाचा पाडल्या, प्रत्येक कमानीचे दोन्ही पाय खाचेत घट्ट बसतात आणि ताण प्लाय घेतो. वर्षभरात कमानींनी जागा सोडलेली नाही.

वापरातली कटकट निराळी आहे. रूळ पुसायला छप्पर काढावंच लागतं, कारण शेडच्या तोंडातून हात जेमतेम कोपरापर्यंत जातो आणि डबा घसरतो तो नेमका रुळांच्या टोकाच्या बफरपाशी. त्यासाठी छप्पर तीन तुकड्यांत केलंय. पण तुकडा उचलून टेबलावर ठेवला की खाचेचा आधार सुटतो, पाय मिलिमीटरभर पसरतात आणि परत बसवताना अडतात. म्हणून तशाच खाचांची एक फळी शेजारी ठेवली आहे, छप्पर निघालं की थेट त्या फळीवर. बाकी सगळं नंतर केलं तरी चालेल, ही फळी आधी करा.

छपराच्या काचा म्हणजे पारदर्शक शीट. तिच्या आसपास सुपरग्लू नको, त्याच्या वाफेने शीटवर पांढुरका धूसरपणा येतो आणि तो निघत नाही. वाळल्यावर पारदर्शक होणारा पांढरा गोंद पुरतो. धूळ मात्र आठवड्यात साचते. मऊ ब्रश मारतो, पण सगळी काढत नाही, वाफेच्या काळातल्या शेडला ती शोभते.

विटांसाठी उठावाचं प्लॅस्टिक शीट घेऊ नका. विटेचा एक थर या मापात जेमतेम अर्धा मिलिमीटर होतो, त्यामुळे उठाव ढोबळ दिसतो आणि छापलेला कागदच खरा वाटतो. कोपऱ्यांवर दिसणारी कागदाची पांढरी कड विटकरी रंगाच्या पेन्सिलीने झाकली. शाई मात्र पिगमेंटचीच हवी. साध्या डाय शाईत छापलेली खिडकीकडची भिंत आता गुलाबीकडे झुकली आहे, पिगमेंटच्या भिंती जशाच्या तशा आहेत.

राहिला हॉटेलचा दर्शनी भाग. घड्याळाचा मनोरा ८२ मीटरचा, म्हणजे मॉडेलमध्ये ५५ सेंमी. बाही अडकणार हे ठरलेलं, म्हणून तो लोहचुंबकावर उभा आहे, धक्का लागला तर मोडण्याऐवजी निघून येतो. रेझिनमध्ये थ्रीडी प्रिंट केलेले कळस ठिसूळ असतात, तेव्हा जास्तीचे छापून ठेवा. या भागाने सगळ्यात जास्त वेळ खाल्ला, आणि गाडी चालवताना मी उभा असतो शेडच्या उघड्या तोंडाकडे, जिथून हॉटेलची फक्त पाठ दिसते. लेआउटची हॉटेलकडची बाजू भिंतीला लागून असेल तर हॉटेलच्या खिडक्या, कमानी, नक्षी यांच्या नादी लागू नका. छपरांची आणि मनोऱ्यांची रेघ बरोबर आली की पुरे, वाचलेला वेळ शेडला द्या.